लँडस्केप आणि डिझाईनवाल्यांनो, राज्याच्या कायद्यांवर नजर अशी ठेवा

लँडस्केपचं मास्टर्स करून नुकतंच ऑफिसला लागलेल्या मुलामुलींना झाडांची शास्त्रीय नावं तोंडपाठ असतात, ड्रॉइंग झकास असतं, पण साईटवरचं हे झाड काढायला परवानगी कुणाची लागते आणि तो नियम अलीकडे बदललाय का असं विचारलं की उत्तर येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. कायदा कसा वाचायचा, तो बदलतोय हे कुठून कळतं, हे कुणी बसून शिकवतच नाही, आणि मग सगळी भिस्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, महाराष्ट्रापुरतं, कारण इथलं कामकाज मला रोजचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. आपल्या कामाला थेट भिडणारे बहुतेक बदल विधानसभेत विधेयक म्हणून येतच नाहीत. ते अधिसूचना म्हणून येतात, शासन निर्णय म्हणून येतात, विकास नियंत्रण नियमावलीतला 'फेरबदल' म्हणून येतात, आणि बऱ्याचदा त्यावर हरकत घ्यायला फक्त एक महिना असतो. नुसत्या अधिवेशनाच्या बातम्या बघत बसलात तर तो महिना कधी गेला ते कळणारही नाही.

पायरी १: आपण कायद्यात नक्की कुठे उभे आहोत ते बघा

आर्किटेक्टचं रजिस्ट्रेशन केंद्राच्या कायद्याने होतं, आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२, आणि ते काम काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे. या कायद्याच्या कलम ३७ मध्ये नोंदणी नसलेल्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावायला मनाई आहे, पण त्याच कलमाच्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना त्यातून वगळलंय, आणि लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे झाडं-झुडपं आणि लँडस्केपच्या संदर्भात मोकळ्या जागांचं डिझाईन करणारी व्यक्ती अशी व्याख्याही दिलीय. म्हणजे आपलं नाव कायद्यात आहे, पण ते आपल्याला नोंदणी देण्यासाठी नाही तर बाजूला ठेवण्यासाठी आहे. पुढे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने मुकेश गोयल केसमध्ये सांगितलं की कलम ३७ फक्त उपाधी वापरण्यापुरतं आहे, डिझाईन-सुपरव्हिजनचं काम करण्यावर त्याने बंदी येत नाही. हे दोन्ही एकत्र वाचले की कळतं, आपल्या प्रोफेशनला स्वतःचा असा संरक्षण देणारा कायदा नाही, त्यामुळे राज्याची नियमावली जिथे 'आर्किटेक्ट', 'लायसन्स्ड इंजिनिअर', 'टेक्निकल पर्सन' म्हणते तिथे लँडस्केपवाला आहे की नाही हे प्रत्येक वेळी डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींसाठी एवढंच सांगतो की तिथे उलट आहे, पन्नासही राज्यांमध्ये लँडस्केप आर्किटेक्टचं लायसन्सिंग राज्याच्या कायद्याने होतं, त्यामुळे तिथल्या लोकांना स्वतःच्या राज्यातली लायसन्सची विधेयकं हाच मुख्य विषय असतो. आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे विषय आहे जमीन, झाड, पाणी आणि मोकळी जागा. आणि या गोष्टींवरचा मोठा अधिकार राज्याकडे किंवा राज्याने नेमलेल्या नियोजन प्राधिकरणाकडे आहे.

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये भाग १० लँडस्केपचाच आहे आणि तो जरूर वाचा, छान आहे, पण ती शिफारस आहे. राज्याच्या नियमावलीने उचलली तरच ती बंधनकारक होते. क्लायंटला 'कोडमध्ये लिहिलंय' असं सांगण्याआधी ते आपल्या नियमावलीत आलंय का बघा.

पायरी २: प्लॉट कुणाच्या हद्दीत, आणि तिथे कुठलं पुस्तक लागू

राज्यातला सगळ्यांचा बाप कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम १९६६, बोलताना आपण एमआरटीपी म्हणतो. त्याखाली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली ती एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. ती जवळजवळ सगळ्या राज्याला लागू आहे, पण मुंबई महापालिकेला नाही, तिथे मुंबईची स्वतःची नियमावली, डीसीपीआर २०३४ आहे. शिवाय एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतालचं क्षेत्र), लोणावळा, गिरिस्थान नगरपरिषदा असे अपवाद आहेत. त्यामुळे नवीन प्रोजेक्ट आला की पहिला प्रश्न हाच, जागा कुणाच्या हद्दीत आहे. पुण्याला लागून असलेलं गाव महापालिकेत आहे की पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात), एवढ्यावर सगळं फिरतं.

लँडस्केपवाल्यांनी यूडीसीपीआरमधल्या काही जागा बोटावर ठेवायच्या. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के मनोरंजनाची खुली जागा सोडायची ती तरतूद. ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवण्याची तरतूद. ग्रे वॉटर, म्हणजे अंघोळ-धुण्याच्या सांडपाण्याचा पुनर्वापर. साईड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या पट्ट्यात, काय चालतं काय नाही. आणि परिशिष्टातली तांत्रिक व्यक्तींची पात्रता आणि जबाबदाऱ्या. बदल होतात ते बहुतेक इथेच.

दुसरा कायदा झाडांचा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५. हा २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणात बदलला. जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आणि जुलैच्या पावसाळी अधिवेशनात विधेयक, इतकं भराभर झालं. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' झालं, मोठ्या संख्येच्या वृक्षतोडीचे प्रस्ताव तेव्हा राज्य पातळीवरच्या वृक्ष प्राधिकरणाकडे गेले, आणि भरपाई म्हणून कापलेल्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं लावायची असं आलं. आता याचा ड्रॉइंगवर अर्थ बघा. साईटवर चाळीस वर्षांचा एक रेन ट्री मध्ये येतोय आणि आर्किटेक्ट म्हणतो काढून टाकू. एका झाडाची चाळीस झाडं झाली, तीही चांगली सहा-आठ फुटी, आणि पुढे काही वर्षं जगवायची. ती चाळीस कुठे लावणार? पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर? कम्पाउंड वॉलला चिकटून? हा हिशोब बेसमेंटची लाइन ठरायच्या आधी टेबलावर आला तर झाड वाचतं, नंतर आला तर झाडही जातं आणि वेळही. मला विचाराल तर लँडस्केपवाल्याने कायद्याचा माग ठेवायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

गावाकडे, म्हणजे नागरी क्षेत्राबाहेर, वेगळा कायदा आहे, वृक्षतोडीचा १९६४ चा. फार्महाऊस, रिसॉर्टची कामं करणाऱ्यांनी तो वेगळा ठेवायचा, दोन्हींची गल्लत करायची नाही.

बाकी केंद्राचे दोन कागद हाताशी लागतातच, २००६ ची ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना (२०,००० चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी) आणि किनाऱ्यावर काम असेल तर २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. केंद्राची असली तरी त्यांची रोजची अंमलबजावणी राज्यातल्या प्राधिकरणांमार्फत चालते, म्हणून त्यांच्या मीटिंगची इतिवृत्तंही बघत जा.

पायरी ३: कागद ओळखायला शिका

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'सरकारने निर्णय घेतला' या एका वाक्याखाली सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं.

मंत्रिमंडळ निर्णय म्हणजे कायदा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की विनापरवानगी झाड तोडलं तर ५० हजार रुपये दंड, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक तो लागू झालाय असं धरून बोलायला लागले, क्लायंटला ईमेलसुद्धा गेले. ती बातमी मंत्रिमंडळाच्या मंजुरीची होती. त्यानंतर विधेयक किंवा अध्यादेश यावा लागतो, तो राजपत्रात छापून यावा लागतो, तेव्हा दंड बदलतो. 'मंजुरी' हा शब्द बातमीत दिसला की लगेच विचारायचं, कुणाची मंजुरी? मंत्रिमंडळाची, विधानसभेची, परिषदेची की राज्यपालांची?

विधेयक म्हणजे सभागृहात मांडलेला मसुदा. अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला, लगेच लागू होणारा कायदा, पण अधिवेशन परत भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो. म्हणून अध्यादेश आला की पुढच्या अधिवेशनाची तारीख लगेच लिहून ठेवायची. अधिनियम म्हणजे पक्का कायदा. त्याखाली नियम. त्याखाली अधिसूचना, आदेश, निदेश. आणि शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, हा प्रशासनाला दिलेला आदेश असतो, तो कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. परिपत्रक त्याहून हलकं. महापालिका आयुक्तांचं स्वतःचं ऑफिस सर्क्युलरही असतं, आणि साईटवर प्रत्यक्षात तेच चालतं, म्हणून तेही जपून ठेवा, फक्त त्याला कायदा समजू नका.

आणि शुद्धिपत्रक! याकडे कुणी बघत नाही. अधिसूचनेत 'किंवा' च्या जागी 'आणि' झालं, आकडा चुकला, की पंधरा-वीस दिवसांनी शांतपणे एक पानाचं शुद्धिपत्रक निघतं. मूळ पीडीएफ सगळ्यांच्या फोनमध्ये असते आणि शुद्धिपत्रक कुणाकडेच नसतं.

पायरी ४: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागा

रोज बघायची गरज नाही, पण आठवड्यातून एक तास द्या आणि तो मोडू नका. मी सोमवारी सकाळी साईटवर निघायच्या आधी बघतो, तुम्ही तुमचं ठरवा.

शासन निर्णयांची सरकारी साईट पहिली. तिथे विभाग निवडून तारखेने शोधा: नगर विकास, महसूल व वन, पर्यावरण व वातावरणीय बदल, सार्वजनिक बांधकाम. शब्दाने शोधायच्या भरवशावर राहू नका, कारण विषयाची ओळ कशी लिहिलीय त्याचा नेम नसतो. प्रत्येक जीआरच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी फॉरवर्ड केलेल्या जीआरवर संकेतांक नसेल किंवा तो टाकून साईटवर काही येत नसेल तर तो जीआर पुढे पाठवू नका.

जीआर वाचताना वरून खाली वाचत गेलात तर दमून जाल. आधी 'वाचा' खालची यादी बघायची, म्हणजे हा कुठल्या आधीच्या निर्णयांना धरून आहे ते कळतं. मग प्रस्तावना सोडून थेट 'शासन निर्णय' या मथळ्याखालचा मजकूर. आणि शेवटी प्रत कुणाकुणाला गेलीय ती यादी, कारण त्यावरून कळतं की हे फक्त महापालिकांना आहे की नगरपरिषदांनाही. प्रस्तावना नंतर निवांत वाचा, सरकारच्या मनात काय आहे ते तिथे असतं.

दुसरी जागा ई-राजपत्र. राजपत्राचे भाग असतात, ते एकदा कळले की शोधणं सोपं जातं. अधिनियम आणि अध्यादेश मराठीतून भाग चारमध्ये, त्यांचा इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये, राज्याच्या कायद्यांखालचे बरेचसे नियम भाग चार-ब मध्ये. आपल्या कामाचे बहुतेक अंक 'असाधारण' असतात, साप्ताहिक अंकात शोधत बसू नका. जुन्या पीडीएफमध्ये मराठी शब्द टाकून सर्च केलं तर बऱ्याचदा काही सापडत नाही, कारण ती स्कॅन केलेली पानं किंवा जुने फॉन्ट असतात. म्हणून तारीख हाच धागा धरायचा.

तिसरी जागा नगर रचना संचालनालयाची साईट. संचालनालय पुण्यात मध्यवर्ती इमारतीत आहे, आणि एमआरटीपीखालच्या नोटिसा, अधिसूचना, विकास योजनांचे मसुदे तिथे मिळतात. चौथी, तुमच्या महापालिकेची साईट, त्यातही वृक्ष प्राधिकरणाच्या जाहीर सूचना वेगळ्या बघा, कारण त्यांची मुदत फार थोडी असते आणि शनिवार-रविवार धरून ती बघता बघता संपते.

पाचवी जागा म्हणजे छापील पेपर. हो, अजूनही. कायद्यानेच स्थानिक वृत्तपत्रात नोटीस द्यावी लागते आणि ती आतल्या पानावर बारीक टायपात असते. ऑफिसात एक मराठी पेपर येतच असतो, तो जाहीर सूचनांच्या पानापासून वाचायला सुरुवात करा.

गूगल अलर्ट लावायचा तर मराठीतून लावा. 'वृक्ष प्राधिकरण', 'विकास नियंत्रण नियमावली', 'कलम ३७' (एमआरटीपीचं, त्यावर पायरी ६ मध्ये), 'फेरबदल', 'हरकती व सूचना', 'आरक्षण बदल', आणि तुमच्या शहराचं नाव. इंग्रजी शब्दांवर अलर्ट लावला तर जिल्ह्याच्या ठिकाणची बातमी येतच नाही.

आणि माणसं. मुंबईत पेटा, पुण्यात एसा (दोन्ही आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या संघटना), शिवाय आर्किटेक्टांची आयआयए आणि लँडस्केपवाल्यांची आयसोला, यांच्यापैकी कुठे तरी मेंबर व्हा. सीनियर लोकांच्या एका फोनवर जे कळतं ते चार तास शोधूनही मिळत नाही. फक्त फोनवर कळलेलं कागदावर बघितल्याशिवाय ड्रॉइंगवर उतरवू नका.

पायरी ५: अधिवेशनाचे आठवडे

वर्षात तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पीय फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, पावसाळी जून-जुलैकडे, आणि हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. या आठवड्यांत विधिमंडळाच्या साईटवर रोजच्या कामकाजाचा क्रम टाकतात, त्यात कुठलं विधेयक मांडणार, कुठलं विचारात घेणार ते असतं. विधेयकाला नंबर असतो, 'सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक तमुक', तो लिहून घ्या, पुढे सगळं त्या नंबराने सापडतं. आपल्याकडे दोन सभागृहं आहेत, २८८ ची विधानसभा आणि ७८ ची परिषद, त्यामुळे एका ठिकाणी मंजूर झालं म्हणजे संपलं असं नाही. आणि विधानसभा विसर्जित झाली की तिथे अडकलेली विधेयकं बाद होतात, निवडणुकीच्या वर्षी हे लक्षात ठेवा.

विधेयक हातात आलं की शेवटापासून वाचा. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते साध्या भाषेत असतं. त्याच्याजवळ वैधानिक अधिकार सोपवण्याबद्दलचं ज्ञापन असतं. नवीन माणूस ते पान सोडून देतो आणि खरं तर तेच सोन्यासारखं आहे, कारण कुठल्या खंडाखाली सरकार नंतर नियम करणार आहे याची ती यादी असते, म्हणजे पुढच्या वर्षभरात कशाची वाट बघायची ते तुम्हाला आजच कळतं. मग खंड १ बघा, कायदा लगेच लागू होणार की 'राज्य शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास'. दुसरं असेल तर कायदा मंजूर होऊनही तारखेची अधिसूचना निघेपर्यंत लागू होत नाही. उरलेला मजकूर 'या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल' अशा तुकड्यांचा असतो, तो नुसता वाचून काही कळत नाही. मूळ कायद्याचं ते कलम प्रिंट काढा, पेन्सिलने खोडा, नवीन शब्द वर लिहा. दहा मिनिटांत सगळं डोळ्यासमोर येतं.

लक्षवेधी (आमदाराने मंत्र्यांचं लक्ष वेधायला दिलेली सूचना) आणि तारांकित प्रश्न (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) यांच्याकडेही लक्ष असू द्या. एखाद्या आमदाराने शहरातल्या टेकड्यांवर, नदीकाठच्या भिंतींवर किंवा काँक्रीटमध्ये गुदमरलेल्या झाडांवर लक्षवेधी लावली आणि मंत्र्यांनी सभागृहात 'धोरण आणू' असं उत्तर दिलं, तर काही महिन्यांनी त्याच विषयावर जीआर निघायची बरीच शक्यता असते.

पायरी ६: कलम ३७, इथे खरा खेळ आहे

यूडीसीपीआर किंवा डीसीपीआरमध्ये बदल करायचा तर एमआरटीपीच्या कलम ३७ ने होतो. महापालिकेने सुरू केला तर ३७ (१), सरकारने स्वतः केला तर ३७ (१कक), इंग्रजीत ज्याला आपण वन-डबल-ए म्हणतो. दोन्हीत आधी नोटीस, मग एक महिना हरकती-सूचना, मग सुनावणी, मग सरकारची अंतिम मंजुरी अशी वाट. प्रादेशिक योजनेतला बदल कलम २० ने.

आता नीट बघा. बऱ्याच नोटिसांच्या शेवटच्या परिच्छेदात कलम १५४ चा उल्लेख असतो. १५४ म्हणजे सरकारने नियोजन प्राधिकरणाला द्यायचे निदेश. तिथे लिहिलेलं असतं की ३७ ची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत हा प्रस्तावित बदल तात्काळ अंमलात आणावा. म्हणजे तुम्ही हरकत लिहीत असता आणि तिकडे त्याच बदलावर प्लॅन मंजूर व्हायला लागलेले असतात. त्यामुळे नोटीस आली की पहिलं पान नाही, शेवटचा परिच्छेद आधी वाचा. १५४ असेल तर ऑफिसातल्या चालू प्रोजेक्टवर आजच परिणाम आहे. नसेल तर तो अजून फक्त प्रस्ताव आहे आणि त्यावर डिझाईन करणं धोक्याचं.

नोटिशीच्या वर एक नंबर असतो, 'टीपीएस' ने सुरू होणारा, मध्ये 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटी 'नवि' म्हणजे नगर विकास आणि कार्यासनाचा, म्हणजे विभागातल्या शाखेचा आकडा. यूडीसीपीआरचा नंबर टीपीएस-१८१८ आणि प्र.क्र. २३६ असा आहे. हा फाईलचा नंबर नोटीस ते अंतिम मंजुरी बहुधा तोच राहतो, मध्ये वर्ष गेलं तरी. विषयाच्या नावाने शोधू नका, प्र.क्र. ने माग काढा. मंत्रालयात फोन केलात तरी पहिला प्रश्न तोच येतो.

अख्ख्या विकास योजनेचा मसुदा असेल तर तो कलम २६ ने येतो आणि तिथली मुदत नोटिशीत छापलेली असते, तीच धरायची, कुणी सांगितलेली नाही. आणि 'आपल्या एका पत्राने काय होणार' असं वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. २०१५ च्या फेब्रुवारीत २०३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यावर हजारो हरकती पडल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ ला आला, मंजुरी २०१८ ला. त्या हरकतींमध्ये मैदानं, बागा, झाडांचे पट्टे यांच्यावर लिहिणारे सामान्य नागरिक होते, आर्किटेक्ट होते. लोकांनी लिहिलं म्हणून बदललं.

पायरी ७: हरकत लिहायची ती अशी

भावनेचं पत्र लिहू नका, तुमची तळमळ कितीही खरी असली तरी. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गठ्ठे असतात. वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. मग कुठल्या विनियमावर, त्याचा नंबर. मग सध्याची तरतूद एका ओळीत, प्रस्तावित एका ओळीत. मग परिणाम, आणि इथे आपण डिझाईनवाले बाकी सगळ्यांपेक्षा पुढे आहोत, कारण आपल्याला दाखवता येतं. समजा साईड मार्जिनमध्ये पार्किंगला जास्त सूट द्यायचा प्रस्ताव आहे. एक नेहमीचा प्लॉट घ्या, दोन सेक्शन काढा, आधीचा आणि नंतरचा, आणि झाडाच्या मुळांना माती किती उरते ते मीटरमध्ये लिहा. ए-४ वर, काळ्या-पांढऱ्यात, झेरॉक्समध्येही दिसेल असं. शेवटी पर्यायी शब्दरचना द्या, म्हणजे 'हे नको' एवढंच न म्हणता 'याऐवजी असं म्हणावं' हे वाक्य तयार करून द्या. ही शेवटची गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत आणि तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पत्र कुणाला द्यायचं ते नोटिशीत असतं, राज्यभराचा बदल असेल तर बहुधा विभागीय सहसंचालक, नगर रचना. नुसत्या ईमेलवर थांबू नका, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. सुनावणीचं पत्र आलं तर जा, पाच मिनिटंच मिळतात, पण जा. मराठीत लिहा, मराठीत बोला, अधिकाऱ्यांनाही ते सोपं जातं.

पायरी ८: शीट

एक साधी एक्सेल शीट पुरते. विषय, मूळ कायदा, कागदाचा प्रकार, प्र.क्र. किंवा संकेतांक, तारीख, हरकतीची शेवटची तारीख, १५४ लागू आहे का, आत्ताची स्थिती, आणि आपल्या कुठल्या प्रोजेक्टला लागतं. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो भरला नाही तर शीट म्हणजे नुसता संग्रह. पीडीएफ डाउनलोड करूनच ठेवा, फाईलचं नाव तारखेने सुरू करा, कारण सरकारी साईटी बदलतात आणि जुन्या लिंक उघडत नाहीत. स्थिती कळतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, आणि प्र.क्र. घातलेल्या अर्जाला सहसा नीट उत्तर येतं.

कोर्टाकडेही एक डोळा

नियमावलीचा शब्द तोच राहतो आणि कोर्टाच्या एका निकालाने त्याचा अर्थ बदलतो. कोहिनूर सीटीएनएल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं की मुंबईच्या तेव्हाच्या नियमावलीप्रमाणे सोडायची किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. एका निकालाने किती तरी पोडियम गार्डनची ड्रॉइंगं टेबलावर परत आली असतील. आणि मुद्दा रास्तच होता, पोडियमच्या दोन-तीन फूट मातीत वड वाढत नाही, पाणी जमिनीत मुरत नाही. मुंबई हायकोर्ट आणि हरित न्यायाधिकरणाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय पीठ, या दोन ठिकाणच्या झाडं, नदी, टेकड्या यांच्यावरच्या निकालांच्या बातम्या शीटमध्ये वेगळ्या ठेवा, आणि बातमीवर न थांबता निकालाचा शेवटचा 'आदेश' भाग वाचा.

गोव्यात काम करणाऱ्यांना यातलं पुष्कळ लागू पडतं पण पुस्तकं वेगळी आहेत. तिथे १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आणि १९८४ चा झाडांचा कायदा. नगर नियोजन कायद्यातली १७ (२) आणि ३९अ ही कलमं झोन बदलण्यावरून मोठ्या वादात सापडली, तेव्हा भातशेती, बागायत किंवा डोंगरउतारावरचा प्लॉट घेऊन क्लायंट आला की झोनिंगचा दाखला किती ताजा आहे ते आधी बघा आणि गोव्याचं राजपत्र दर आठवड्याला चाळा.

अंतिम मंजुरी आली की

त्याच दिवशी तीन कामं. एक, मंजूर मजकूर आणि आधीच्या नोटिशीतला मजकूर शेजारी ठेवून वाचा, हरकतींनंतर शब्द बदललेले असतात आणि लोक जुन्या नोटिशीवरच वर्षभर काम करत राहतात. दोन, आधी परवानगी मिळालेल्या प्रोजेक्टचं काय हे सांगणारी तरतूद शोधा, जुन्या नियमाने पुढे जायची मुभा आहे की नव्याने रिव्हाइज करायचं. तीन, ऑफिसच्या ड्रॉइंगवर ज्या छापील टिपा असतात, मोकळी जागा इतकी टक्के, झाडं इतकी, पाणी साठवण अमुक विनियमाप्रमाणे, त्या टेम्प्लेटमध्येच बदला आणि टिपेशेजारी अधिसूचनेची तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वेळी ड्रॉइंग उघडणाऱ्या ज्युनिअरला ही टीप कधीच्या नियमावर उभी आहे ते विचारत फिरावं लागणार नाही.